ओळंब्याचा नांगर

ओळंबा हे त्याचे खरे नाव नव्हे. गवंड्याच्या दोरीला लटकणाऱ्या शिशाच्या गोळ्याचे नाव जेव्हा एखाद्या माणसाला चिकटते, तेव्हा त्यात थोडे कौतुक असते आणि थोडी थट्टाही असते. त्याच्या बाबतीत सुरुवातीला थट्टा अधिक होती. ट्रॅक्टरच्या सीटवर तो असा ताठ बसे, की जणू मानेच्या वरून कोणी दोरी धरली आहे. मागे वळून बघणे नाही, खाली वाकणे नाही, डाव्या हाताची कोपर अंगापासून किंचित सुटलेली. रस्त्याने जाणारे त्याची नक्कल करत. पुढे त्याच्या नांगराने पाडलेली तासे, मातीतल्या त्या लांब चऱ्या, लोकांच्या नजरेत भरू लागली आणि थट्टा हळूहळू मागे पडली. शेताच्या या टोकाला उभे राहून बघितले तर तास थेट त्या टोकापर्यंत गेलेले असे, आणि त्याच्या शेजारचे तास त्याला बिलगून. नांगरलेले शेत बघायला माणसे सहसा थांबत नाहीत. त्याच्या शेताशी थांबत.

या सरळपणाची किंमत काय होती हे कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्याने सांगितले नसते. तो मितभाषी होता असे म्हणणे सोपे आहे. खरे तर ज्या गोष्टी अंगवळणी पडल्या त्या सांगण्याजोग्या असतात हेच त्याला कधी सुचले नाही.

डावा खांदा वर उचलेनासा झाला तेव्हाही त्याने बरेच दिवस काही म्हटले नाही. बायकोच्या लक्षात आले ते सदऱ्यामुळे. तो सदरा अंगात घालायच्या ऐवजी सदऱ्यातच शिरू लागला होता. आधी डावी बाही जमिनीजवळ धरायची, हात तिच्यात सोडायचा, मग उरलेला सदरा ओढून घ्यायचा. तिने दोनतीन सकाळी हा प्रकार स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला आणि त्याला डॉक्टरकडे नेले.

"काय काम करता?" डॉक्टरांनी खांदा फिरवून बघत विचारले.

"ट्रॅक्टर चालवतो."

"वजन उचलता? पोती वगैरे?"

"नाही. बसूनच असतो."

"बसून?"

भिंतीकडेच्या स्टुलावरून बायको म्हणाली, "बसून बसून खांदा झिजलेला हा पहिलाच पेशंट असेल हो तुमचा."

डॉक्टर हसले, पण हात सोडला नाही. खांद्याच्या आतली दोरी विरलेल्या कापडासारखी झाली आहे असे त्यांनी सांगितले. औषधाने दुखणे कमी होईल, विरलेले पुन्हा विणले जाणार नाही. जेवण, आंघोळ, सही एवढ्यापुरता हात ठीक. स्टिअरिंग धरायचे नाही. यावर्षीच नव्हे, कधीच.

मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात होती. तिने फोनवर "बाबा, आता पुरे करा" एवढे म्हटले, आणि पुरे करायचे म्हणजे काय करायचे हे तिलाही ठाऊक नसल्याने विषय बदलला. शेत एकच होते, रस्त्यालगत, लांबट. पलीकडचे शेत धाकट्या भावाचे. मध्ये गुडघ्याएवढा मातीचा बांध, त्यावर गवत. वडिलांनी वाटणी करून दिली त्या दिवशी दोघा भावांनी मिळून तो घातला होता, आणि त्यानंतर त्याच्यावरून त्यांच्यात एकदाही शब्दाला शब्द लागला नव्हता.

धाकटा त्याच आठवड्यात आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो मनाचा चांगला होता. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढे जे झाले त्यात त्याला वाईट ठरवण्याचा मोह होतो. त्याच्याकडे नवे, मोठे यंत्र होते. त्याच्या मागचा नांगर एका फेरीत ओळंब्याच्या चार फेऱ्यांचे काम करी, आणि पुढच्या पडद्यावर रेघ आखून दिली की यंत्र त्या रेघेवरून ढळत नसे.

"दादा, तू काळजी करू नको," चहाचा कप बशीत ठेवत तो म्हणाला. "तुझं शेत मी एका सकाळीत उरकतो. आहे काय त्यात. फक्त मधला बांध तेवढा काढावा लागेल."

"बांधाला काय झालं?" वहिनीने विचारले.

"बांधाला काही नाही झालं वहिनी. माझं मशीन इकडच्या टोकाला वळतच नाही. दोन्ही शेतं एक झाली की सरळ जायचं आणि सरळ यायचं. पीक निघालं की पुन्हा घालू की बांध."

"भाऊजी, तुम्ही आमची शिडी नेली होती. ती तुम्ही अजून 'पुन्हा' आणताय."

धाकटा मनमोकळा हसला. "आणतो, आणतो. पण वाफसा थांबत नाही, जमिनीतली ओल गेली की नांगर चालायचा नाही. या आठवड्यात सांगा. नंतर मशीन लांबच्या कामाला जाणार आहे, मग माझा नाइलाज."

तो गेला. दोघांनाही कळले होते की गेलेला बांध परत येत नसतो. कोणी तो हिसकावून घेणार नव्हते. पण पुढच्या वर्षी यंत्र पुन्हा येणार, तेव्हा घातलेला बांध पुन्हा काढायचा हा खुळेपणा कोण करणार? त्यापुढच्या वर्षी दोन शेतांचे एक शेत झालेले असणार, आणि ते कोणाचे हे विचारणेही विचित्र वाटू लागणार. असे बरेच काही भांडणावाचून, चहा पिता पिता संपते.

बायकोने कप उचलले. धुतले. पालथे घातले. मग पाठमोरीच म्हणाली, "मी चालवते."

"काय?"

"ट्रॅक्टर. मी चालवते. तुम्ही मागं बसा."

"तुला जमायचं नाही."

"का? एवढी वर्षं तुमच्या मागं नांगरावर बसून मी काय स्वेटर विणत होते?"

हे खरे होते. ती नांगरावर बसे. तो नांगर ओढायचा होता; म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीवर चढवून नेण्याचा नव्हे, तर गाडीसारखा मागे जोडून ओढत न्यायचा, स्वतःची चाके असलेला. त्याच्या चौकटीवर पत्र्याची एक बैठक होती आणि बैठकीशेजारी दोन दांडे. टोकाला पोचले की दांडा ओढून फाळ वर उचलायचे, वळले की पुन्हा खाली सोडायचे, जमीन कठीण लागली की खोली थोडी कमी करायची, हे काम तिचे. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामापासून तिने हेच केले होते. पुढे नवऱ्याची ताठ पाठ, मागे उलटत जाणारी माती, आणि दोघांच्या मध्ये धूळ.

ट्रॅक्टर त्यांच्या लग्नाहून जुना होता. वडिलांनी तो वापरलेलाच आणला होता, आणि नांगर दुसरीकडून आणला होता. ही जोडी जुळवून आणलेली नव्हती. सगळ्या दुखण्याचे मूळ इथे होते, म्हणून ते थोडे समजून घ्यायला हवे. नांगरताना ट्रॅक्टरची उजवी चाके आधीच्या तासात चालतात आणि डावी चाके न नांगरलेल्या जमिनीवर. हा ट्रॅक्टर रुंद होता. त्याची चाके जवळ आणायची सोय त्याला नव्हती. नांगर मात्र अरुंद, कोणा दुसऱ्या, सडपातळ ट्रॅक्टरसाठी घडवलेला. त्यामुळे ट्रॅक्टरचा मध्य एकीकडे पडे आणि नांगराच्या ओझ्याचा मध्य त्याच्या बराच उजवीकडे. दोघांना जोडायचे कुठे? ट्रॅक्टरच्या मध्यावर जोडले तर ट्रॅक्टर सुखाने चाले, पण नांगर डावीकडे ओढला जाऊन तिरका होई आणि तासे बिघडत. नांगराच्या समोर, म्हणजे उजव्या कडेला जोडले तर नांगर सुतासारखा सरळ चाले, पण सगळा ओढा ट्रॅक्टरच्या एका कुशीवर येई आणि त्याचे तोंड सारखे उजवीकडे, नांगरलेल्या भुसभुशीत मातीकडे वळू बघे. मागच्या आडव्या लोखंडी पट्टीला म्हणूनच ओळीने भोके पाडलेली असतात. जोडाची पिन कोणत्या भोकात घालायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

ओळंब्याने ते तरुणपणीच ठरवून टाकले होते. बायकोला यातले काहीच ठाऊक नव्हते. नांगरावर बसणाऱ्याला जोड दिसत नाही. त्याला फाळ दिसतो आणि माती दिसते.

पहिल्या दिवशी ती सीटवर चढली. साडीवर त्याचाच जुना सदरा, बाह्या दुमडलेल्या. ट्रॅक्टर चालवणे तिला अगदीच नवे नव्हते. घरापासून शेतापर्यंत तिने तो कैकदा आणला होता. तो मागे नांगरावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्या पत्र्यावर बसत असल्याने पाय कुठे टेकवायचे हे त्याला कळेना.

"तिकडं नाही, त्या दांडीवर," ती वळून म्हणाली. "आणि तोंड मिटून बसा. माती जाते."

ट्रॅक्टर निघाला. थोडे अंतर बरे गेले. फाळांनी जमीन धरली आणि ओझे आले, तसे पुढचे चाक तासाच्या बाहेर चढू लागले. तिने स्टिअरिंग डावीकडे ओढले. चाक परत आले. हात जरा सैल पडले की पुन्हा उजवीकडे. तिने दोन्ही हातांनी ओढून धरले, मग छाती टेकवून धरले, मग सीटवरून अर्धी उठून. शेताच्या मध्यावर ट्रॅक्टर सरळ तासाबाहेर चालता झाला आणि खांदा पुरता जायच्या आधी त्यानेच नांगरून ठेवलेल्या पट्ट्यावर जाऊन उभा राहिला. इंजीन बंद करून ती दंड चोळत खाली उतरली.

"स्टिअरिंग बिघडलंय," ती म्हणाली.

"नाही."

"नाही कसं? धावतंय उजवीकडं, बैल उधळल्यासारखं."

"ते जरा डावीकडे धरून ठेवायचं असतं."

"जरा?"

चाकाला चिकटलेली माती त्याने बोटाने खरवडली.

"तुम्ही हे असं धरून बसत होता?" ती म्हणाली. "दिवसभर?"

"हं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच आहे ते."

"आणि मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय?"

तिने त्याच्या खांद्याकडे बघितले आणि मग दुसरीकडे बघितले. त्याच्या ताठ बसण्याला सगळ्यांनी ऐट म्हटले होते, तिनेही, कौतुकाने. तो नुसता बसलेला नव्हता.

तरीही बिघाड स्टिअरिंगमध्येच असणार या आशेवर तिने वेल्डरला बोलावले. त्याला सगळे ठिणगी म्हणत, धंद्यामुळे आणि जिभेमुळेही. ठिणगी आला, ट्रॅक्टरच्या पोटाखाली शिरला, सांधे हलवून बघितले, आणि आतूनच ओरडला, "वहिनी, या म्हाताऱ्याचं स्टिअरिंग माझ्या सासऱ्याच्या तब्येतीपेक्षा चांगलं आहे! काही झालेलं नाही याला."

मग तो सरपटत मागे आला आणि जोडापाशी थांबला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

"दादा, ही पिन शेवटची कधी काढली होती?"

"काढली नाही."

"म्हणजे यंदा?"

"म्हणजे घातल्यापासून."

ठिणगी बाहेर आला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागले होते. "एकदम उजव्या कडेच्या भोकात आहे ती. बाकीच्या भोकांत माती भरून तिची वीट झाली आहे. असं कोणी जोडलं?"

"मी."

"आणि ट्रॅक्टर पळत नाही उजवीकडं?"

"पळतो."

"मग मधे घ्यायची की पिन!"

"मधे घेतली की नांगर तिरका चालतो. तास फाकतं. तळाला उंचवटे राहतात." ओळंब्याला एवढे सलग बोलण्याची सवय नव्हती, तो थांबला आणि पुढचे वाक्य जड वस्तू खाली ठेवावी तसे बोलला. "ट्रॅक्टर धरता येतो. नांगर धरता येत नाही."

ठिणगीने कपाळाचे ग्रीस बाहीला पुसले. उत्तर दिले ते बायकोने.

"धरणारे तुम्ही होतात," ती म्हणाली. "आता मी आहे."

त्या दिवशी कामाला कोणी हात लावला नाही. ठिणगी अवजारे ठेवून, उद्या येतो म्हणून गेला. ओळंबा शेडमध्ये जाऊन एका उलट्या बादलीवर बसला. शेडला एकच खिडकी होती आणि तिच्या काचेवर इतक्या वर्षांच्या धुराचा थर होता; आत येणारा उजेड चहासारखा तांबूस होता. त्याला राग आला नव्हता. तो थकला होता, आणि हा थकवा खांद्याचा नव्हता. कोणत्याही दिवशी पाना उचलून पिन सरकवता आली असती. तेव्हा हात शाबूत राहिला असता कदाचित, तासे मात्र चारचौघांसारखी झाली असती. त्याने दोन्हींतून एक निवडले होते, आणि निवडल्याचे विसरूनही गेला होता. आता ती निवड पुन्हा समोर येऊन उभी होती, आणि या वेळी खांदा दुसऱ्याचा होता.

शिवाय तिसरी एक वाट होती, सगळ्यांत कमी कष्टाची. धाकट्याचे यंत्र त्या शेतात जी तासे पाडील ती त्याच्याहूनही सरळ असतील. बांध जाईल, पण रस्त्यावरून बघणाऱ्याला बांध कुठे दिसतो?

सकाळी त्याने ते बोलूनही दाखवले. ती कणीक मळत होती.

"धाकट्याला हो म्हणावं म्हणतो."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हणा."

"नीट होईल काम. तुझे हाल नकोत."

"माझे हाल मध्ये आणू नका. वाकडं तास तुमच्या डोळ्याला खपत नाही, तेवढं म्हणा."

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"एक सांगू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तो दमलेला होता, त्याच्यासारखाच. "तुमची सरळ तासं मला कधी दिसलीच नाहीत. मागं बसणाऱ्याला हातभर माती दिसते, तेवढीच. लोक म्हणायचे छान आहेत, मी म्हणायची असतील. मी धूळ खाल्ली ती रेघेसाठी नाही. संध्याकाळी घरी येताना वाटायचं, आज आपलं एवढं झालं. आपलं. भाऊजींच्या मशीननं केलेलं छान असेल, पण ते आपलं नसेल. मग मी कडेला उभी राहून काय बघू?"

कणकेचा गोळा तिने ताटलीखाली झाकला आणि हात धुतले. तो तिथेच उभा होता. मग त्याने उजव्या हाताने खुंटीवरचा सदरा काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने त्याला डावी बाही आधी चढवली, मग उजवी, आणि गुंड्या लावून दिल्या. दोघे शेडकडे गेले.

पिन निघता निघता दुपार झाली. आधी रॉकेल सोडून बघितले, मग घण घातला. घणाचे घाव ठिणगी घालत होता आणि ओळंबा उजव्या हाताने छिन्नी धरून होता. प्रत्येक घावाला त्याचा चेहरा डाव्या बाजूने आक्रसत होता. शेवटी ज्योत लावून लोखंड तापवावे लागले.

"दादा, ही पिन तुमच्यापेक्षा हट्टी आहे," ठिणगी घाम पुसत म्हणाला.

"तिला बायको नाही," ओळंबा म्हणाला.

ठिणगी बघतच राहिला. ओळंब्याने विनोद केल्याचे त्याच्या तरी आठवणीत नव्हते.

पिन अखेर एकदम सुटली आणि मातीत पडली. ती एका बाजूने इतकी झिजली होती की तिचा पोटाचा भाग आत गेला होता. नवी पिन घातली ती प्रथम ट्रॅक्टरच्या बरोबर मध्यावर, कारण बायकोने तसे सांगितले. तिने फेरी मारली. ट्रॅक्टर इतका शहाण्यासारखा चालला की तिने एक हात सोडून पदर नीट केला आणि वळून हसली. पण मागे नांगर खेकड्यासारखा तिरपा धावत होता. पुढचा फाळ हावरटपणे रुंद माती घेत होता, ती अर्धी उलटत होती, अर्धी तशीच उभी राहत होती. तासाच्या शेवटी ती उतरली, मागे चालत गेली आणि ढेकळे पायाने दाबून बघितली. तिला सरळ रेघेचे वेड नव्हते, पण न उलटलेली माती तिला कळत होती.

"हे नाही चालायचं," ती स्वतःच म्हणाली. "यात गवत पुन्हा उगवेल."

तेव्हा मधला तोडगा निघाला. ट्रॅक्टरच्या मध्यावरही नाही आणि कडेलाही नाही. त्या दोहोंमधल्या भोकात पिन, आणि नांगराच्या बाजूचा जोडही एक भोक डावीकडे, म्हणजे ओढ्याचा त्रास दोघांनी थोडा थोडा वाटून घ्यायचा. नांगर जरा तिरपा होईल, ट्रॅक्टर जरा ओढेल. नांगराच्या पुढच्या चाकाचा दांडा थोडा आत घेऊन पहिल्या फाळाची रुंदी ओळंब्याने हाताच्या वितीने मापून पुन्हा बसवली.

हे सगळे झाल्यावर नांगर नाक खुपसू लागला. फाळ पुढून खोल जात होते आणि ट्रॅक्टर धापा टाकत होता. ओळंबा मागे बसून पुढचे चाक वरखाली करत राहिला, पण उपयोग होईना. ट्रॅक्टर थांबवून ती ओरडली, "मागचं चाक बघा! टेकलंय का?"

त्याने वाकून बघितले. "नाही. हवेत आहे."

"मग जोड वर बसलाय. एक भोक खाली घ्या. ते चाक वर तरंगलं की नांगर असाच डोकं घालतो."

"तुला कसं माहीत?"

"एवढी वर्षं त्या चाकाच्या डोक्यावरच बसत होते ना."

ठिणगीने जोड उभ्या पट्टीवर एक भोक वर कसला होता, घाईत. त्याने जीभ चावली आणि बोल्ट सोडला. पत्र्यावर पुन्हा बसताना ओळंब्याने पाय न चुकता त्या दांडीवर ठेवले.

मग काम सुरू झाले. तिच्या हातांना अजूनही ओढ लागत होती, पण ती धरण्याजोगी होती. कधी डाव्या हाताने, कधी दोन्ही. तो मागे बसून उजव्या हाताने दांडे ओढत होता. टोकाला आले की ती न बघता "उचला" म्हणे आणि वळल्यावर "सोडा" म्हणे. धूळ त्याच्या दातांत गेली, डोळ्यांत गेली. पुढे तिची पाठ होती, जरा वाकलेली, डावीकडे झुकलेली. त्याला तास दिसत नव्हते. हातभर माती दिसत होती. ती उलटत होती, खालचा ओला रंग वर येत होता, आणि तेवढ्यात पुढची माती. सरळ जाते आहे की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. प्रथम तो मान वळवून मागे बघायचा प्रयत्न करी. मग खांदा दुखला आणि त्याने ते सोडून दिले.

दुपार कलताना धाकट्याचे यंत्र रस्त्यावरून आले. ते थांबले. धाकटा उतरून बांधापर्यंत चालत आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. ट्रॅक्टर टोकाला पोचला तेव्हा तो ओरडला, "दादा! तास वाकतंय तुझं!"

"किती?" ओळंब्याने विचारले.

धाकटा जरा गोंधळला. "म्हणजे... मध्ये पोट आलंय. बरंच. रस्त्यावरून दिसतं."

बायको स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. ती वळली नाही.

"दिसू दे," ओळंबा म्हणाला.

"आणि बांध?"

"बांध राहू दे. तू जा तुझ्या कामाला, उशीर होईल."

"अरे, मी एका सकाळीत..."

"माहीत आहे रे. तुझं मशीन चांगलं आहे." तो खरेच तसे मानत होता. "जा तू."

मग धाकट्याने वहिनीला "जपून हो" म्हटले आणि गेला. त्याला वाईट वाटले असावे. पण यंत्र लांबच्या कामाला निघालेले होते आणि दिवस उतरणीला लागला होता. यंत्राचा आवाज रस्त्याने बराच वेळ ऐकू येत राहिला.

ऊन उतरेपर्यंत शेताचा वरचा भाग झाला. इंजीन बंद केल्यावर कानांत गुंजणारी शांतता आली. ती सीटवरून उतरली, पण चालायच्या ऐवजी चाकाला टेकून उभी राहिली आणि हात उघडझाप करून बघू लागली. तळव्यांना फोड आले होते. तो मागून आला. पहिल्यांदाच तो वळून शेताकडे बघू शकत होता. तासे मध्यावर डावीकडे फुगली होती, एकामागून एक, सगळी तशीच. पहिले वाकले तसे दुसरे. माती मात्र उलटलेली होती, पुरती. तो बराच वेळ बघत राहिला. चेहऱ्यावर काही विशेष दिसले नाही.

"उद्या पिन आणखी एक भोक मधे घेऊ," तो म्हणाला. "तुझे हात बघ."

"मग तास आणखी वाकेल."

"वाकेल."

"आणि माती? सकाळसारखी अर्धी राहील."

"थोडी राहील."

तिने विचार केला, किंवा विचार करायलाही दमली होती म्हणून नुसती थांबली. "नको. एवढं मी धरते."

हेच शब्द स्वतःशी म्हणत त्याने आयुष्य काढले होते, आणि दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना त्यांना नाही कसे म्हणायचे हे त्याला समजेना.

"मग दुपारी तरी सुट्टी घ्यायची," तो म्हणाला. "मी सांगेन तेव्हा थांबायचं. मागून."

"बरं."

"ऐकू येईल का मागून?"

"नाही आलं तर ढेकूळ मारा."

खालचा तुकडा शिल्लक होता. त्याला आणखी एक दिवस लागणार होता, कदाचित दोन. ट्रॅक्टर आणि नांगर त्यांनी तसेच जोडलेले ठेवले, बांधाच्या कडेला, कारण सोडायची ताकद दोघांपैकी कोणातच उरली नव्हती. ती पुढे निघाली. तो मागून, तिच्या चालीने, सावकाश.